खेमसिंगभाऊंना दुःख सापडेना

गेल्या होळीनंतर आमच्या गल्लीत एक बातमी फिरत होती, की खेमसिंगभाऊंनी कळंबातच दुसरं घर केलंय. घर म्हणजे विटा-सिमेंटचं नव्हे, तुम्ही समजलात तेच. पुरावे भक्कम होते. एसटीतून रिटायर झालेला हा साठीचा माणूस दर शुक्रवारी चार वाजले की घोटून दाढी करतो, पांढरा पायजमा चढवतो, कानामागे अत्तर लावतो, "जरा फिरून येतो" म्हणून निघतो आणि दिवेलागणीला परत येतो. आणि परत येतो तेव्हा पायजम्याच्या मागच्या बाजूला काळा डाग असतो. दर शुक्रवारी, त्याच जागी. पांढऱ्या पायजम्याला काळं काय लागणार? काजळ, असं आमच्या पलीकडच्या रंजिताचं मत पडलं. काजळ तिथं कसं लागेल हे तिला कोणी विचारलं नाही, कारण असले प्रश्न विचारले की बातमीची मजाच जाते.

ही बातमी मीच उठवली असं लोक म्हणतात. साफ चूक. मी फक्त ती नीट करून पुढं पाठवली.

पण माझाही एक नियम आहे. बातमी पाठवल्यावर ती खरी आहे का ते बघून यायचं. म्हणून एका शुक्रवारी मी हातात पिशवी घेऊन त्यांच्या मागं निघाले. भाऊ एसटी स्टँडपर्यंत गेले, रसवंतीजवळून वळले, शाळेच्या भिंतीमागून आले आणि एवढा वळसा घालून पुन्हा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पोचले. अब्दुल गनी मिस्त्रींच्या गॅरेजच्या मागं. आमच्या घरांपासून ते गॅरेज शंभर पावलांवर आहे, मोजा पाहिजे तर. तिथं मागच्या भिंतीला ट्रॅक्टरचे जुने टायर रचलेत. भाऊंनी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं आणि एका टायरावर बसले. वरच्या खिडकीतून गिटारचा आवाज येत होता. भाऊंनी डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला.

काळ्या डागाचा उलगडा झाला. बाई नव्हती, टायर होता. मी इतकी निराश झाले की भाजी न घेताच परत आले.

आता हे प्रकरण समजायला तुम्हाला गनीभाईंची शुक्रवारची बैठक माहीत पाहिजे.

वीसेक वर्षांपूर्वी गनीभाईंचा मुलगा तारिक नागपूरला शिकायला होता. त्यानं एक सीडी आणली, अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यांची. ब्लूज म्हणतात त्याला. गनीभाईंना इंग्रजी येत नाही, पण तारिकनं एकेका गाण्याचा अर्थ सांगितला. एकाचं खेचर मेलं, एकाची बायको गेली, एकाचा मुकादम मजुरीवरून कटकट करतो. गनीभाईंनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, हे लोकं अमेरिकेचे कायले, हे तं आपल्या राळेगावचे दिसते!" त्या दिवसापासून त्यांना ते वेड लागलं. यवतमाळातून जुनी गिटार आणली. त्या गाणाऱ्यांसारखा घसरता सूर काढायला नट आवळायचं चौदा नंबरचं सॉकेट, ती लोखंडी नळी, करंगळीत घालून तारांवर घासू लागले. त्यानं गिटार अशी कण्हते, की पहिल्या दिवशी खैरुनभाभी, म्हणजे त्यांची बायको, कोणाला लागलं म्हणून हळद घेऊन धावत आल्या होत्या.

शुक्रवारी गॅरेज बंद असतं. म्हणून नमाजनंतर, चार ते मगरीबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या, अजानपर्यंत बैठक. पाच-सात माणसं जमतात. गल्लीत तिला रडकी बैठक म्हणतात, पण पाटीवर 'कळंब ब्लूज मंडळ' असं लिहिलेलं आहे. गाणं ज्याचं त्यानं रचायचं. तक्रार मांडायची, एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत शेवट करायचा. आणि गनीभाईंनी नियम असा घातला, की तक्रार खरी पाहिजे. स्वतःची पाहिजे. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ती खोटी आहे हे माहीत असेल तर त्यानं हात वर करून "खोटं!" म्हणायचं. मग गाणाऱ्यानं त्या शुक्रवारी तोंड उघडायचं नाही, गपगुमान बसून ऐकायचं. एक ओळ दोनदा का म्हणायची, तर ऐकणाऱ्याला तपासायला वेळ मिळावा म्हणून, असा गनीभाईंचा त्यावरचा अभ्यास आहे.

या मंडळाचा राजा गवई म्हणजे आमचे खेमसिंगभाऊ. आवाज असा, की त्यांच्या बंजारा तांड्यावर होळीला लेंगीची गाणी म्हणायचे तर पलीकडच्या टेकडीवरची माणसं काम सोडून उभी राहायची. दिवसभर एसटी चालवून आले की गिअर, खड्डे, सुट्टे पैसे, उलट्या करणारे पॅसेंजर, सगळ्यांची गाणी करायचे. गिअरच्या दांड्याचं गाणं ऐकून तर खुद्द एक कंडक्टर रडला होता. बसायची जागाही त्यांची वेगळी. बाकीचे टायरावर आणि खोक्यांवर. भाऊंनी भंगाराच्या लिलावातून एसटीची ड्रायव्हर-सीट आणून गॅरेजमध्ये बोल्ट मारून बसवली होती, तिच्यावरून ते गात.

आणि नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी त्या सीटवरून त्यांनी गायलं, की ड्युटीवरून उपाशी यावं आणि घरची चूल थंड असावी. पहिली ओळ झाली. दुसऱ्यांदा तीच ओळ चालू होती तेवढ्यात दारात रुपीबाई उभ्या, भाऊंची बायको. हातात तीन खणांचा डबा. "जेवाचं सोडून आले नं वो तुमी," म्हणाल्या आणि वरचा खण उघडला. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, वाफ निघतेय.

सगळ्या गॅरेजनं एका दमात हात वर केले. खोटं!

भाऊ म्हणाले, "लयीसाठी म्हनलं."

गनीभाई म्हणाले, "लयीसाठी झूट चालत नाही भाई. बैठ चूपचाप."

भाऊ गप्प बसलेही असते. पण त्यांच्या डोळ्यांदेखत मंडळानं तो डबा संपवला. रश्शाला नावं ठेवायला कोणी उरलं नाही, रस्साही उरला नाही. भाऊ उठले, "बलावल्याबिगर या दुकानात पाय ठेवनार नाही," म्हणाले आणि निघाले ते निघाले. तणतणत जाताना खांद्यावरचा पिवळा रुमाल सीटवरच राहिला, तोही मागायला आले नाहीत.

गनीभाईही कमी नाहीत. "रुसला तो. येईन आपल्या पायानं," म्हणून बसून राहिले. असे दोन शहाणे. मधे शंभर पावलं आणि नऊ वर्षं.

तर भाऊंना टायरावर बघून मी घरी आले. ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही असं मी मनाशी पक्कं ठरवलं, आणि सोमवारी फक्त खैरुनभाभींना सांगितली. तेही शपथ घालून. पंधरा दिवसांत निरोप आला. खैरुनभाभी स्वतः रुपीबाईंकडे आल्या. मी तिथं होतेच, विरजण मागायला गेले होते.

"येत्या शुक्रवारी बैठकीले वीस साल होते," खैरुनभाभी म्हणाल्या. "घरच्या बायाबी येनार हायेत. मिस्त्री म्हनते खेमसिंगभाईले सांगा, या. पन नवं गानं पाह्यजे, अन् खरं पाह्यजे. नाही आले तं सीट मारोतराव मास्तरच्या नावावर करून टाकतो. मास्तर म्हनते रेक्झिन नवं टाकतो."

मारोतराव मास्तर म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. चार वर्षांपासून त्या सीटवर बसतात आणि गुडघ्यांवर गातात. चार वर्षं गुडघेच. उजवा झाला की डावा.

आत पलंगावर भाऊ पेपर वाचत होते. पेपर उलटा होता हे मी इथं मुद्दाम नमूद करते. खैरुनभाभी गेल्या तरी पान उलटलं नव्हतं. संध्याकाळी कुंपणाशी आले तेव्हा मात्र चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा झाला होता.

"वैनी," म्हणाले, "मास्तर माह्या सीटवर रेक्झिन टाकनार म्हने?"

"मग जा नं भाऊ. गाणं म्हणा, सीट घ्या."

"गानं होते दोन मिंटात. दुःख पाह्यजे नं!"

आणि इथं खरी अडचण निघाली. खेमसिंगभाऊंना दुःख नव्हतं. पेन्शन वेळेवर येते. मुलगा शाम पुण्यात, रोज व्हिडिओ कॉल करतो आणि बापाचं ऐकूनही घेतो. सून उज्ज्वला, माझ्याच नावाची असून, गुणी. दात सगळे. भाऊंनी बोटं मोजून पाहिली, एकाही बोटाला दुःख लागेना. गिअरचं दुःख गिअरबरोबर गेलं होतं.

मग सुरू झाला शोध. सात दिवस होते.

शनिवारी भाऊ लॅबमध्ये गेले आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून आले. त्यांची मदार साखरेवर होती. थोरला भाऊ भीमसिंग, त्याला आहे, बापाला होती, म्हणजे आपल्याला असणारच. रविवारी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. त्या माणसाचं तोंड असं पडलं, की रुपीबाई घाबरून माझ्याकडे पळत आल्या. "काही मोठं निघालं वाटते वो उज्ज्वलाबाई, सांगून नाही राह्यले!" मी रिपोर्ट वाचून दाखवला. कोलेस्टेरॉलसुद्धा मेलं जागच्या जागी होतं.

सोमवारी ते माझ्याशी भांडायला आले.

"वैनी, तुमी माह्यामागं माह्याबद्दल वाईट बोलता का?"

"रोज," मी म्हटलं.

"काय बोलता?"

मी सांगितलं. काजळासकट सांगितलं. ते इतके हसले, की कुंपणाला धरून बसावं लागलं. वर म्हणाले, "रुपीलेबी सांगा नं, तिचाबी दिवस चांगला जाईन." अशा माणसाला दुःख कसं द्यायचं, तुम्हीच सांगा.

मंगळवारी त्यांनी शामला फोन करून सांगितलं, की दोन दिवस फोन करू नको. तो पोरगा घाबरला आणि दर तासाला करू लागला.

बुधवारी मात्र त्यांनी हात घालू नये तिथं घातला. रुपीबाईंना म्हणाले, "ऐक नं. एक दिवस भाजी जाळतं का?"

मी कुंपणाशीच होते. मी बहुतेक कुंपणाशीच असते.

रुपीबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "काहून?"

"खरी तक्रार पाह्यजे वो. एकच डाव. थोडीशी जाळ."

"तवा तुमी खोटं बोलले माह्या चुलीबद्दल, भर गॅरेजात. आता माह्याच हातानं खरं करून घेता?" रुपीबाईंचा आवाज चढला. "अन् चाळीस वर्सं झाले मी या घरात हावो. दुःख शोधाले गावभर फिरून राह्यले, लॅबोट्रीत जाऊन आले. एकडाव बी तुमाले वाटलं नाही का घरात पाहावं? मंग मी काय केलं इतके वर्सं?"

हा अपमान आहे की कौतुक, हे भाऊंना कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. त्या रात्री रुपीबाईंनी वांग्याचं भरीत असं केलं, की वास आमच्या घरापर्यंत. सूड म्हणतात तो हा.

गुरुवारी भाऊ ओट्यावर नुसते बसून होते. मी चहा नेऊन दिला. मला वाटत होतं, सांगून टाकावं, की भाऊ, तुमचं दुःख गॅरेजच्या मागं रचलेलं आहे, ट्रॅक्टरच्या मापाचं. पण मग मी मागं मागं गेले होते हे सांगावं लागलं असतं. मी चहाचा कप घेऊन परत आले. माझ्या आयुष्यातली ती एकमेव न सांगितलेली गोष्ट.

शुक्रवार आला. भाऊंनी दाढी केली, पांढरा पायजमा चढवला, अत्तर लावलं. या वेळी वळसा घातला नाही. शंभर पावलं सरळ चालले, मागं रुपीबाई, त्यांच्या मागं साक्षीदार म्हणून मी.

गॅरेज भरलं होतं. मारोतराव मास्तर ड्रायव्हर-सीटवर बसले होते, असे पसरून, जणू रेक्झिन आजच टाकायचं आहे. पाठीखाली काहीतरी मळकं पिवळं दिसत होतं. गनीभाई गिटार जुळवत होते. भाऊ आले, गनीभाईंनी मान वर केली, दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही हवामानाबद्दल बोलले. गरमी बहुत हाये. हो, बम हाये. नऊ वर्षांनी एवढंच.

"चल, सुना," गनीभाई म्हणाले.

भाऊ उभेच राहिले, बसायला जागा नव्हती. घसा खाकरला आणि सुरू केलं, की जिना चढताना माझे गुडघे...

मास्तरांचा हात वर. "आक्षेप. गुडघे माझे आहेत."

"खोटं हाये का पन?" भाऊ म्हणाले.

"परवा हा मनुष्य पिंपळाच्या पारावर उडी मारून चढला. मी पाहिलंय. आणि मुळात विषय माझा आहे."

गुडघे गेले. गनीभाई म्हणाले, पहिली चूक माफ, नऊ सालाची गॅप हाये. एक मौका अजून. भाऊंनी रुपीबाईंकडे पाहिलं, त्यांनी पदर सावरून मान फिरवली. मग त्यांनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती. तिच्यातून टायरांची वरची रांग दिसत होती.

भाऊंनी डोळे मिटले. आणि तो आवाज निघाला, तांड्याच्या टेकडीवरचा.

"शंभर पावलांवर दुकान, मले कोनी हाक नाही मारली,
शंभर पावलांवर दुकान, मले कोनी हाक नाही मारली,
नऊ वर्सं टायरावर बसून माही तुमान काळी झाली."

गनीभाईंचं सॉकेट तारेवर घसरलं आणि गिटार कण्हली. माझ्या डोळ्यांत काय आलं ते मी सांगणार नाही. आणि तेवढ्यात बायकांतून हात वर झाला. रुपीबाईंचा.

भाऊंचा रंग उडाला.

"खरं हाये," रुपीबाई म्हणाल्या. "पार खरं हाये बाप्पा! नऊ वर्सं मी तो डाग घासून राह्यली. विचारलं तं म्हनते, बाकड्यावर बसलतो. कोन्या गावाचं बाकडं व्हय हे?"

सगळं गॅरेज हसलं. भाऊही हसले, डोळे पुसत हसले. तिढा सुटला असं आम्हाला वाटलं, तेवढ्यात गनीभाईंनी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि स्वतःचा हात वर केला.

"खोटं."

"काय खोटं?" भाऊ म्हणाले. "बायको साक्ष देऊन राह्यली!"

"तुमानीचं खरं. हाक नाही मारली, हे झूट." गनीभाई उठले, मागच्या खिडकीपाशी गेले आणि तिच्या झडपेवर हात ठेवला. "ही खिडकी नऊ साल झाले उघडी हाये. थंडीत उघडी, पान्यात उघडी. मास्तर मच्छरायच्या नावानं बोंबलते दर शुक्रवारी, तरी म्या बंद केली नाही. तो बाहेरचा टायर पाह्य. टेकाले दुसरा मागून कोनं लावला? पयलेच साली लावला. खेमसिंग, तुह्यासाठीच गिटार या बाजूले तोंड करून वाजवतो मी. याले हाक नाही म्हनत तं काय म्हनते?"

म्हणजे गनीभाईंना सगळं पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी शपथ घालून, पोट दाबून, खैरुनभाभींना दिलेलं गुपित नऊ वर्षं शिळं होतं. मी खैरुनभाभींकडे पाहिलं, त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या. माझ्यासारख्या बाईला याहून मोठं दुःख नाही. तिथल्या तिथं दोन ओळी सुचल्याही होत्या, पण कोणी विचारलं नाही.

भाऊ खिडकीकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "मंग मी आता चालतो? खोटं ठरलं नं माहं."

"चालतो कुठी?" गनीभाई ओरडले. "कायदा इसरला का? खोटं ठरला त्यानं बैठाचं, चूप बैठाचं अन् आयकाचं. बाहेरच्या मानसाले आपन खोटं नाही म्हनत भाई, आयकून सोडून देतो. मंडळातल्यालेच म्हनतो. बैठ."

बसायला सांगितलं, पण बसायचं कुठं? टायर भरले होते, खोकी भरली होती, एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची माझ्याखाली होती आणि मी काही उठणारी नव्हते. भाऊंची नजर फिरत फिरत ड्रायव्हर-सीटवर आली. मारोतराव मास्तरांनी हातातली वही उघडली आणि हिशोबानं घसा साफ केला. त्यांचा नंबर होता. डावा गुडघा.

भाऊ पुढं गेले. वाकले. मास्तरांच्या पाठीमागं हात घालून ते मळकं पिवळं फडकं ओढून बाहेर काढलं, झटकलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. नऊ वर्षांचं ऑइल होतं त्यावर, पण काठ ओळखू येत होता.

"हे काय?" मास्तर म्हणाले. "मी पाठीला घेतो ते. खेमसिंगराव, मी इथं चार वर्षांपासून बसतोय."

खेमसिंगभाऊ म्हणाले, "मास्तर, एसटीत जल्म गेला माहा, मले नका सांगू. सीटवर रुमाल मी नऊ वर्सांपयले टाकला. उठा आता."